अनुभव धागा: बेळगाव पट्ट्यातली प्राध्यापकी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना शिकवणाऱ्यांना मुद्दाम लिहायला सांगितलं होतं. अट एकच: आत्मचरित्र नको. नव्याने रुजू होणाऱ्याला उपयोगी पडेल तेवढंच लिहा.

वाणिज्य, बेळगाव

एकाच वर्गात मराठी शाळेतली, कन्नड शाळेतली आणि इंग्रजी माध्यमातली मुलं बसतात. पहिल्या सत्रातले पहिले पाच-सहा आठवडे या तिघांना एका पातळीवर आणण्यात घालवावेत. अभ्यासक्रम मागे पडेल म्हणून घाबरू नका, नंतर तो भरून निघतो.

फळ्यावर फक्त इंग्रजी. तोंडी समजावणं मराठीत आणि कन्नडमध्ये, एकामागून एक, आणि उदाहरण तेच ठेवून. एक लाखाचं यंत्र, घसारा दहा टक्के. सरळ रेषा पद्धतीने दुसऱ्या वर्षीही १०,००० रुपयेच. घटत्या शिलकीवर मात्र ९,०००, कारण शिल्लक ९०,००० उरलेली असते. एवढं दोन्ही भाषांत नीट उतरलं, तर पुढचे तीन तास वाचतात. आकडे बदलले की मुलांना ती दोन वेगळी गणितं वाटतात आणि गोंधळ सुरू होतो.

बिघडतं कुठे? सगळं एकाच भाषेत सांगितलं की अर्धा वर्ग नुसता उतरवून घेतो आणि पहिल्या अंतर्गत चाचणीपर्यंत हजेरी गळायला लागते. दुसरा धोका तयार नोट्सच्या झेरॉक्सचा. मुलं परिच्छेदच्या परिच्छेद पाठ करतात, प्रश्न जरा फिरवून आला की उत्तरपत्रिका कोरी. त्यापेक्षा दर आठवड्याला स्वतःच्या इंग्रजीतल्या पाच ओळी लिहून घ्या. तपासताना क्रियापद आणि हिशेबातली संज्ञा एवढंच सुधारा. सगळं वाक्य लाल केलं की पुढच्या वेळी मूल वही देत नाही. तिसऱ्या सत्रात तेच मूल नोट्सशिवाय पान भरून लिहितं. या नोकरीत याहून मोठं समाधान नाही.

आणि मराठी भाषक प्राध्यापकाने कन्नड वाचायला शिकलंच पाहिजे. सरकारी परिपत्रकं, निवडणुकीच्या कामाचे आदेश, शिष्यवृत्तीच्या सूचना कन्नडमध्ये येतात. दर वेळी सहकाऱ्याकडून वाचून घ्यायचं म्हटलं की मुदती चुकतात, आणि त्यात नुकसान मुलांचं होतं.

राज्यशास्त्र, चिक्कोडी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, एकूण काम ४० तासांचं. नवा पेपर असेल तर एका तासामागे दोन-तीन तास तयारी लागते, म्हणजे वेळ तिथेच संपला. त्यावर नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) कागदपत्रं, पोर्टलवर गुण भरणं, पेपर तपासणं. नॅकचं काम मार्चवर ढकलू नका. कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी फोटो, उपस्थितीच्या सह्या आणि अर्ध्या पानाचा अहवाल एका फोल्डरमध्ये टाका. सह्या मागाहून गोळा होत नाहीत.

रसायनशास्त्र, निपाणी

प्रयोगशाळेचा ताण बाहेरच्यांना दिसत नाही. वीस मुलांच्या बॅचला साधं अनुमापन (टायट्रेशन) घ्यायचं तर प्रत्येक द्रावण दोन लिटर करून ठेवा: ब्युरेट खळखळून धुणं, तीन वाचनं आणि सांडलवंड यात तेवढं जातं. दशांश नॉर्मल ऑक्झॅलिक आम्लासाठी दोन लिटरला १२.६ ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइड अंदाजे ८ ग्रॅम. अंदाजे म्हटलं ते कारणाने. सोडियम हायड्रॉक्साइड वजन करतानाच हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे त्याची खरी तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाशी पडताळूनच ठरवायची. आदल्या आठवड्याची बाटली तशीच वापरली की सगळ्या बॅचची उत्तरं एकाच बाजूला सरकतात आणि मुलांना वाटतं, आपला हात चुकला.

फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब पुरेत. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. गडद गुलाबी झालं म्हणजे थेंब जास्त पडला. शंकुपात्राखाली पांढरा कागद ठेवायला लावा, निम्म्या चुका तिथेच थांबतात.

अतिथी प्राध्यापक, खानापूर

सीमेवरच्या उमेदवारांनी हे आधी नीट समजून घ्यावं. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा दोन प्रकारची: राष्ट्रीय नेट आणि राज्याची सेट. नेट देशभर चालते. सेट मात्र, जून २००२नंतर दिलेली, ज्या राज्याची त्याच राज्यात चालते. महाराष्ट्राची सेट घेऊन कर्नाटकात सहायक प्राध्यापकासाठी अर्ज चालत नाही, कर्नाटकची घेऊन कोल्हापुरातही नाही. महाराष्ट्रातलं चंदगड आणि कर्नाटकातलं खानापूर, दोन्हीकडे जागा शोधणाऱ्याने नेटवरच जोर द्यावा.

दर वर्षीचा नेमणूक आदेश, तासांचं पत्र आणि मानधन जमा झाल्याचं बँकेचं विवरण जपून ठेवा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे आधीची कंत्राटी किंवा अतिथी सेवा पदोन्नतीला धरायची तर पात्रता पूर्ण हवी आणि मिळालेलं वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनाहून कमी नको. बहुतेक अतिथींची सेवा याच दुसऱ्या अटीवर अडते. तीच कामं, तेच पेपर, आणि वर्षं मोजली जात नाहीत. हा अन्याय आहे, तो तसाच म्हणायला हवा.

इतिहास, पदव्युत्तर विभाग

पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून एका वेळी सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ संशोधक घेता येतात. जागा आहेत म्हणून भरू नका. विषय ठरवताना पहिला प्रश्न साधनं कुठे आहेत हा. आपल्या भागात त्यांची वानवा नाही: हलशीचं कदंबकालीन मंदिर, १८२४चा कित्तूरचा लढा, १९२४चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं बेळगाव काँग्रेस अधिवेशन. पण कागद कन्नड, मराठी, मोडी आणि इंग्रजीत विखुरलेले. तेव्हा कोर्सवर्कच्या (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाच्या) काळातच संशोधकाला मोडी लिपी शिकायला लावा. रोज एक पान लिप्यंतर, सहा महिने. तोपर्यंत विषयाचा आराखडा पक्का करू नका, कारण मोडी येत नसेल तर संशोधक इंग्रजी गॅझेटिअरवरच विसंबतो आणि प्रबंधात नवं काही उरत नाही. घरात मराठी, गावात कन्नड बोलणारा आपला विद्यार्थी या कामाला पुण्या-मुंबईच्या संशोधकापेक्षा जास्त तयार असतो. त्याला हे कुणीतरी सांगावं लागतं.

यूजीसीची केअर यादी (मान्य संशोधन नियतकालिकांची) २०२५मध्ये बंद झाली. आता नियतकालिक पारखणं आपल्यावर आलंय. आठवड्यात स्वीकृती आणि आधी पैसे, असं दिसलं की लेख पाठवू नका.