पर्जन्यउद्यानांचा खर्च : वाशीच्या संदर्भात

पर्जन्यउद्यानांवर, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवणाऱ्या झाडांच्या खोलगट वाफ्यांवर, खर्च करण्यापेक्षा नाले रुंद करणे स्वस्त पडेल, असा एक मुद्दा मांडला जातो; तो मला अर्धाच पटतो. आमच्या वाशीच्या सोसायटीत गच्चीचा पाइप थेट पेव्हर ब्लॉकवर उघडतो, आणि पहिल्या जोराच्या सरीतच पाणी माती घेऊन फाटकाबाहेरच्या गटारात जाते. 1,000 चौरस मीटर गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 25,000 लिटर पाणी होते. 100 चौरस मीटरचा, 25 सेंटिमीटर खोलगट वाफा ते सगळे सामावून घेतो. मात्र 200 मिलिमीटरच्या दिवशी, त्यातही जमीन आधीच तुडुंब भिजलेली असताना, तोच वाफा अपुरा पडतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

म्हणून तुलना नाले रुंद करण्याशी नव्हे, गाळ काढण्याच्या खर्चाशी करावी. भरतीच्या वेळी खाडीत पाणी सोडता येत नाही, म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने पाणी तात्पुरते साठवणारे धारण तलाव बांधले. त्यांत गाळ साचून तिवरे वाढली आणि ती क्षमता परत मिळवणे खर्चाचे तसेच परवानग्यांचे काम झाले. माती उगमापाशीच, अशा वाफ्यांत, अडली तर हा खर्च लांबणीवर पडतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने 2011 मध्ये पावसाचे पाणी पडते तिथेच मुरवण्याचा 25 वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. तिथे बिगरनिवासी मालमत्तांचे पावसाच्या पाण्याचे शुल्कही मुख्यतः पाणी न मुरणाऱ्या क्षेत्रफळावरून ठरते. आपल्याकडे पाणी मुरवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत मिळाली, तर वाफ्यांची निगा राखणाऱ्या माळ्याचा जादा पगार सोसायट्यांना जड जाणार नाही.