उत्तर: उत्तर: डॉग बीच सहल – शनिवार की रविवार?

प्रेषक: सहल समिती
मंडळी, पाऊस आज पहाटे थांबला एकदाचा. शनिवारी सकाळी ८:३०, नेहमीची जागा: सॅन डिएगोच्या ओशन बीचमधला डॉग बीच, व्होल्टेअर स्ट्रीटच्या टोकाचा पार्किंग लॉट. अकरा कुत्री नोंदली गेली आहेत. कोणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा, वड्यांचा आकडा द्यायचा आहे. मागच्या वेळसारखे शुक्रवारी रात्री अकराला मेल नकोत.

प्रेषक: ला मेसाचे काका
हरकत आहे. ०.२ इंच किंवा जास्त पाऊस पडला की काउंटी (इथलं जिल्हा प्रशासन) ७२ तास पाण्यात जाऊ नका म्हणून सांगते. हे ७२ तास पाऊस थांबल्यापासून मोजायचे. गुरुवार पहाट अधिक ७२ म्हणजे रविवार पहाट. शनिवार बसत नाही. आणि डॉग बीच म्हणजे सॅन डिएगो नदीचं मुख. सँटीपासून मिशन व्हॅलीपर्यंतच्या रस्त्यांवरचं तेल, कचरा, गटाराचं पाणी सगळं तिथेच येऊन पडतं. इतर किनारे स्वच्छ झाले तरी नदीच्या तोंडाशी घाण रेंगाळते.

प्रेषक: मिरा मेसा
काका, पाण्यात उतरायचंच नाही. वाळूवर चेंडू खेळू.

प्रेषक: ला मेसाचे काका
हे कुत्र्यांना कोण सांगणार? मोकळं सोडल्यावर नदीच्या बाजूचं उथळ, संथ पाणी दिसलं की पहिलं तिकडेच धावणार, आणि ते पाणी समुद्राइतकं खारट नसल्यामुळे पिणारसुद्धा. पावसानंतरच्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. लस आहे, पण पहिल्या खेपेला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. आज टोचून शनिवारी उपयोग शून्य.

प्रेषक: चुला व्हिस्टा
मग कोरोनाडो करा ना. ओशन बुलेव्हार्डच्या उत्तर टोकाला, वाळू छान, नदी नाही.

प्रेषक: सहल समिती
कोरोनाडो गेल्या वर्षी सुचवून झालं. तिहुआनाकडून येणाऱ्या सांडपाण्यामुळे पावसानंतर तो किनारा कधी बंद होईल याचा नेम नाही. शिवाय नौदलाच्या तळाचं कुंपण शेजारीच आहे. विमान उतरायला लागलं की फटाक्यांना घाबरणारी कुत्री सैरभैर होतात. ठिकाण बदलायचं असेल तर समितीशी बोलावं, लिस्टवर परस्पर ठरवू नये.

प्रेषक: चुला व्हिस्टा
ठरवलं नाही, सुचवलं. बरं, मिशन बे खाडीतलं फिएस्टा आयलंड?

प्रेषक: ला मेसाचे काका
७२ तासांचा नियम खाडीलाही लागू आहे. मिशन बेमध्ये पाणी हलत नाही, त्यामुळे घाण बाहेर जायला वेळच लागतो. एरवी म्हाताऱ्या किंवा लाटांना बिचकणाऱ्या कुत्र्यांसाठी तीच जागा उत्तम. सकाळी ६ ते रात्री १० मोकळं सोडता येतं. पण या शनिवारी नाही.

प्रेषक: फराळ (वहिनी)
तुमचं ठरेल तेव्हा ठरेल. चिवड्यात बेदाणे घालायचे की नाहीत ते आत्ता सांगा, पोहे भाजायला घेतेय.

प्रेषक: पोवे
वहिनी, बेदाणे अजिबात नकोत. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचं काही गणित नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसरं चार दाण्यांत आजारी पडतं. मुलांच्या प्लेटमधून वाळूवर सांडतं तो चिवडाच असतो. कांदा-लसूणही नको. तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात, म्हणून कोणी त्याचा संबंध वड्याशी लावत नाही. वड्यावरची लसणाची सुकी चटणी झाकणाच्या डब्यातच राहू द्या.

प्रेषक: फराळ (वहिनी)
बेदाणे काढले. तिळगूळ?

प्रेषक: पोवे
गुळाचा चालेल, एखादी वडी पळवली तर बिघडत नाही. शुगर-फ्री असेल तर पाकिटावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलंय का बघा. त्याने अर्ध्या तासात कुत्र्याची साखर धाडकन खाली येते. असा डबा गाडीतच ठेवा.

प्रेषक: खजिनदार
झायलिटॉल वगैरे ठीक. शनिवार रद्द की नाही? वडेवाल्याला आगाऊ दिलेत.

प्रेषक: सहल समिती
रविवार घेतोय, सकाळी ८:३०. विषय संपला.

प्रेषक: ओशनसाइड
विषय संपला नाही. रविवारी सकाळी आठच्या सुमारास साडेसहा फुटांची भरती आहे. ८:३० ला वाळूची चिंचोळी पट्टी उरेल, त्यात अकरा कुत्री, आपली पन्नास माणसं आणि नेहमीची गर्दी. जागा अरुंद असली की अनोळखी कुत्री एकमेकांच्या अंगावर येतात, भांडणं तिथेच होतात. ओहोटी दुपारी सव्वातीनला, तक्त्यातल्या शून्य पातळीच्याही खाली, म्हणजे वाळू भरपूर उघडी. हिवाळ्यात इथली मोठी ओहोटी दुपारीच येते, उन्हाळ्यात पहाटे. १ वाजता भेटू.

प्रेषक: मिरा मेसा
एकला पार्किंग कुठे मिळतंय? तो लॉट फुकट आहे, रविवारी सकाळीच भरतो.

प्रेषक: ओशनसाइड
सगळ्यांनी लॉटमध्ये घुसायचंच कशाला? म्हातारी माणसं, पातेली आणि पाण्याचे कॅन घेऊन दोन गाड्या आधी जातील. बाकीच्यांनी आतल्या गल्ल्यांत लावून चालत यावं. कुत्री मात्र वाळूवरच्या पाटीपर्यंत पट्ट्यावरच. लॉटमध्ये मागे घेणाऱ्या गाड्या असतात. आपोआप गुंडाळणारा पट्टा आणू नका, डबीत वाळू गेली की अडकतो. साधा सहा फुटी नायलॉनचा आणा.

प्रेषक: ला मेसाचे काका
ओशनसाइडचं बरोबर आहे, फक्त एक दुरुस्ती. एक ते सव्वातीन पाणी उतरत असेल, म्हणजे नदीच्या मुखातून ओढ समुद्राकडे. त्या वेळी नदीच्या पात्रात चेंडू टाकायचा नाही. कुत्रा चेंडूकडे बघत पोहतो आणि दोघेही बाहेर वाहत जातात. सव्वातीननंतर पाणी आत यायला लागतं, तेव्हा टाका, आणि तोही काठाला समांतर.

प्रेषक: मिरा मेसा
पाचच्या आसपास सूर्यास्त आहे हो या दिवसांत. मग पोहणार कधी?

प्रेषक: ला मेसाचे काका
पाऊण तास पुरे. त्याहून जास्त वेळ खाऱ्या पाण्यात काढला की रात्री उलट्या-जुलाब होऊ शकतात. चेंडू पकडताना दर वेळी घोटभर खारं पाणी पोटात जातं. दर पंधरा मिनिटांनी बाहेर बोलवायचं, गोडं पाणी पाजायचं. मध्यम कुत्र्याला लिटरभर घरूनच आणा. कुत्रं झोकांड्या खायला लागलं किंवा थरथरलं तर आंघोळीची वाट बघू नका, थेट डॉक्टर.

प्रेषक: पोवे
चेंडूही बघून निवडा. केसाळ टेनिस बॉलला ओली वाळू चिकटते, ती पोटात साचते आणि आतडं तुंबतं. गुळगुळीत रबरी चेंडू आणा, मधूनमधून खळबळून घ्या. किनाऱ्यावर पडलेलं सुकं केल्प (समुद्री शेवाळ) चघळू देऊ नका. पोटात गेल्यावर पाणी पिऊन फुगतं.

प्रेषक: मिरा मेसा
डेल मारचं कोणी बोललंच नाही. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) दुसऱ्या दिवसापासून १५ जूनपर्यंत तिथेही मोकळं सोडता येतं.

प्रेषक: सहल समिती
तिथेही नदीच. सॅन डिएगुइतो. आणि पार्किंगला पैसे. ओशन बीचला १९७२ पासून कुत्री मोकळी सोडतात, चोवीस तास, बारा महिने. ठिकाण बदलणार नाही.

प्रेषक: खजिनदार
काचेची बाटली आणि दारू दोन्हीला किनाऱ्यावर बंदी आहे, हे दरवर्षी लिहावं लागतं. दंड झाला तर मंडळ भरणार नाही. लोणच्याची बरणीसुद्धा काचेची नको.

प्रेषक: फराळ (वहिनी)
लोणचं स्टीलच्या डब्यात आहे, कधीच होतं. एकला जेवण म्हणजे वडे घरी बारापर्यंत पोचले पाहिजेत. वडेवाल्याला कोण सांगतंय?

प्रेषक: सहल समिती
ठीक, शेवटचं: रविवार, १ वाजता. रविवारी सकाळी सातला काउंटीच्या पानावर ओशन बीचची नोंद बघून मी लिस्टवर 'हो' किंवा 'नाही' टाकेन. 'नाही' आलं तर कुत्री घरी, माणसांनी बाल्बोआ पार्कला यावं. रेबीजचा बिल्ला गळ्यात हवा. घाण उचलायच्या पिशव्या घरून आणा, तिथला पिशव्यांचा डबा रविवारी दुपारपर्यंत रिकामा असतो. परतताना व्होल्टेअरवरच्या कुत्री धुवायच्या सेल्फ-वॉशमध्ये रांग असेल, म्हणून प्रत्येक गाडीत दोन टॉवेल. कान आतून पुसा, ओले राहिले की आठवडाभर डोकं झटकत बसतात.

प्रेषक: चुला व्हिस्टा
वडेवाल्याला मी सांगतो. लसूण चटणी वेगळी द्यायला सांगू का?

प्रेषक: फराळ (वहिनी)
हो. आणि आकडा साठ सांगा, पन्नास नको.