चौकातले महाशिल्प: संमती कोणाची घ्यायची?

मैदानप्रेमी:
न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात फेडरल प्लाझा नावाचा सरकारी कचेऱ्यांसमोरचा चौक आहे. तेथे १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेरा यांचे 'टिल्टेड आर्क' हे शिल्प उभे राहिले: १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली, मुद्दाम गंजू दिलेल्या पोलादाची सलग भिंत. तिने चौक दुभंगला आणि कचेरीत रोज ये-जा करणाऱ्यांना वळसा घालणे भाग पडले. तक्रारी वाढल्या, १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली, सेरा न्यायालयात हरले आणि मार्च १९८९ मध्ये रात्रीच्या वेळी भिंत कापून हलवण्यात आली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. चित्र आवडले नाही तर दालनातून बाहेर पडता येते; कचेरीच्या दारातल्या शिल्पापासून सुटका नसते. म्हणून मोकळ्या जागेत एवढे मोठे काही उभारण्यापूर्वी तेथे रोज वावरणाऱ्यांची संमती घ्यावी, आणि ती नसेल तर कलाकार कितीही थोर असला तरी त्याला नकार द्यावा.

ओतशाळा:
आपण सुनावणी सांगितलीत, पण तिचे आकडे गाळलेत. तेथे बोललेल्या १८० जणांपैकी १२२ जण शिल्प राहावे असे म्हणत होते आणि ५८ जण काढावे असे. तरीही ते काढण्याची शिफारस झाली. मग संमती मोजायची कशी? आणि ती विचारायची तरी कधी? शिकागोच्या डेली प्लाझात १९६७ मध्ये पिकासोचे ५० फुटी शिल्प बसले, तेही अशाच गंजणाऱ्या पोलादाचे. ही बाई, पक्षी की माकड, अशी त्याची टिंगल झाली आणि एका नगरसेवकाने तर त्याच्या जागी एर्नी बँक्स या बेसबॉलपटूचा पुतळा बसवण्याची मागणी केली. आज त्याच्या उतरत्या पायावर मुले घसरगुंडी खेळतात आणि शहर त्याला आपली ओळख मानते. पहिल्या वर्षी मतदान घेतले असते तर ते भंगारात गेले असते.

मैदानप्रेमी:
त्या १२२ जणांत कलाविश्वातली मंडळी मोठ्या संख्येने होती. चौक रोज ओलांडणाऱ्यांचे मत आणि त्यांचे मत एकाच तराजूत घालणे मला पटत नाही. शिवाय पिकासोचे शिल्प कोणाची वाट अडवत नाही. माझा आक्षेप अमूर्त आकाराला नाही, जागा व्यापण्याला आहे.

फुटपाथी:
आपला दोघांचा वाद अमेरिकेत शोभतो. आपल्याकडे अमूर्त शिल्पाला चौक मिळतोच क्वचित. येथे पुतळे उभे राहतात, आणि एकदा अनावरण झाले की तो हलवावा असे बोलण्याची कोणाची छाती होत नाही. सार्वजनिक रस्त्यांवर आणि पदपथांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०१३ मध्ये द्यावा लागला, यातच सारे आले. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील ३५ फुटी पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. कला संचालनालयाने आपण सहा फुटी नमुन्याला मंजुरी दिली होती, असे तेव्हा सांगितले. उंचीची घाई आधी आणि वाऱ्याचा, गंजाचा हिशेब नंतर, असा हा क्रम आहे. संमतीच्या आधी मला अभियंत्याची सही हवी.

अपवाद एकच आठवतो. मुंबईच्या काळा घोडा भागातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला गेला (तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे), तरी भागाचे नाव टिकून राहिले, आणि २०१७ मध्ये तेथे स्वाराविना घोडा बसवण्यात आला. त्याला फारसा विरोध झाल्याचे स्मरत नाही, कारण लोकांनी राजाला कधीच सोडून दिले होते, घोड्याला नाही.

ओतशाळा:
अभियंत्याची सही हवीच, त्यावर वाद नाही. परंतु काळ्या घोड्याचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: जे आधीच ओळखीचे होते त्याला संमती सहज मिळाली. केवळ संमतीवर चालायचे ठरवले तर शहरांत घोडेच उभे राहतील. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील चौथा चौथरा दीड शतकाहून अधिक काळ रिकामा होता. १९९९ पासून तेथे ठरावीक मुदतीसाठी शिल्पे मांडली जातात, मुदत संपली की ती उतरतात. आपल्या महापालिकांनी एखादा चौथरा असा राखून ठेवावा.

मैदानप्रेमी:
मुदतीची कल्पना मान्य आहे, पण एका अटीवर: उतरवण्याचा खर्च आणि तारीख मंजुरीच्या ठरावातच लिहिलेली असावी. चौथऱ्यावरचे शिल्प क्रेनने उतरते. सेरांची १२० फुटी भिंत कापावी लागली होती, आणि ती मुळात कायमची म्हणूनच बसवली होती.

फुटपाथी:
तारीख ठरावात लिहाल, पण त्या दिवशी क्रेन बोलावण्याचे धाडस कोणता नगरसेवक करील, ते आधी सांगा.