मदत हवी आहे: शुगर पण आणि किडनी पण, आप्पांना जेवायला द्यायचं काय?

नमस्कार मंडळी, आम्ही जळगाव जिल्ह्यातले. आप्पांना 15 वर्षांपासून शुगर, आणि आता क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) 2.8 आलंय, पोटॅशियम पण वाढलेलं. डायलिसिस नाही अजून. डॉक्टर म्हणाले मीठ, पोटॅशियम, प्रोटीन सगळं सांभाळा, पण दोन मिनिटात सांगून पुढचा पेशंट आत! आणि आमच्या घरात कळण्याची भाकरी, म्हणजे त्यात उडीद आलाच, बिबड्या (ज्वारीचे पापड), ठेचा, आणि केळी तर बागेतलीच, घड दारात टांगलेला असतो.

आता शुगरसाठी भात बंद केला होता तर कोणी सांगतं किडनीला भातच बरा. परवा रात्री शुगर 62 झाली, घाम फुटला, मी सवयीने केळं सोलून हातात दिलं आणि मग आठवलं की पोटॅशियम! साखरपाणी दिलं शेवटी. शेजारच्या काकूंनी कमी सोडियमचं मीठ आणायला सांगितलं, बरं झालं पाकीट उलटून वाचलं, त्यात पोटॅशियम क्लोराईडच होतं.

भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकते, पण चव राहत नाही, आप्पा ताट सरकवून म्हणतात, "मंग मी खाऊ काय?"

कोणाच्या घरी असे दोन्ही आजार असतील तर सकाळचा नाश्ता काय देता, भाकरी ज्वारीची चालते का आणि किती, आणि जळगाव किंवा धुळ्यात किडनीचं नीट समजणारा डाएटिशियन माहितीये का? प्लीज सांगा.