घरच्या सर्व्हरवर पासवर्ड ठेवावेत का? बॅकअपबद्दलही मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापासून जुना लॅपटॉप घरचा सर्व्हर म्हणून चालवतोय. ८ जीबी रॅम, डेबियन १२ (लिनक्स), त्यावर डॉकर (प्रत्येक ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं), आणि यूएसबीला २ टीबीची हार्ड डिस्क. फोटोंसाठी इमिच, घरच्यांच्या कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टसाठी नेक्स्टक्लाउड, शिवाय घरभरच्या जाहिराती अडवायला पाय-होल (घरातल्या सगळ्यांच्या वेबसाइटचे पत्ते हेच शोधून देतं). आता पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन (बिटवॉर्डन या पासवर्ड ॲपसाठी घरी चालवायचा सर्व्हर) टाकायचं मनात आहे, पण हात धजत नाही.

कारण गेल्या महिन्यात घडलेला प्रकार. नेक्स्टक्लाउडच्या कंपोझ फाइलमध्ये (कुठले कंटेनर चालवायचे त्याची यादी) पोस्टग्रेस या डेटाबेसपुढे मी आवृत्तीच्या आकड्याऐवजी 'लेटेस्ट' टॅग, म्हणजे 'असेल ती नवी', ठेवला होता. एका रात्री सगळ्या इमेज (ज्यांवरून कंटेनर बनतात) अपडेट केल्या, पोस्टग्रेस १५ वरून पुढच्या मोठ्या आवृत्तीवर गेलं आणि जुना डेटा उघडायला त्याने नकार दिला. कंटेनर सुरू होतोय, पडतोय, परत सुरू होतोय. मला पत्ताच नाही. अकरा दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, मी टाकलेली डॉक्टरांची तारीख तुमच्या फोनवर दिसत का नाही?" टॅग परत १५ केला, सगळं जसंच्या तसं आलं. चूक माझीच होती. पण ते अकरा दिवस डोक्यातून जात नाहीत. घरच्यांनी माझ्या शब्दावर आपल्या गोष्टी इथे ठेवल्यात.

तर विचारायचं हे:

पासवर्ड घरी ठेवणारे कुणी आहात का? सर्व्हर बंद असला तरी बिटवॉर्डनच्या ॲपमध्ये आधीची प्रत राहते आणि जुने पासवर्ड दिसतात, नवीन तेवढा साठवता येत नाही, हे वाचलंय. पण मी बाहेरगावी असताना डिस्क गेली आणि त्याच आठवड्यात फोनही हरवला, तर घरच्यांनी काय करायचं?

दुसरं, बाहेरून वापरायचं कसं? आमचं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांना वाटून देते. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला, म्हणजे पोर्ट फॉरवर्ड करून (राउटरमधून बाहेरच्यांना वाट उघडून) उपयोग नाही. मी स्वतः टेलस्केल वापरतो, आपली उपकरणं एकमेकांशी खाजगी जोडणारं व्हीपीएन. आईला मात्र फोटो बघण्याआधी व्हीपीएन चालू आहे का ते बघ, असं दर वेळी सांगणं मला पटत नाही.

आणि बॅकअप. रोज रात्री रेस्टिकने (कुलूपबंद बॅकअप घेणारा प्रोग्रॅम) दुसऱ्या डिस्कवर प्रत जाते. ती डिस्क लॅपटॉपशेजारीच असते. बहिणीकडे एक ठेवायचा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:

पासवर्ड सगळ्यात शेवटी हलवा. आधी एक काम करा: दुसऱ्या कुठल्याही मशीनवर, फक्त बॅकअपमधून, इमिच उभं करून बघा. चालू डेटाबेसचा फोल्डर नुसता कॉपी केला असेल तर त्यावर विसंबू नका, पीजी-डंप (पोस्टग्रेसमधला डेटा नीट फाइलमध्ये काढणारी आज्ञा) घ्या आणि तो डंप बॅकअपमध्ये जाऊ द्या. टॅगमध्ये आवृत्तीचा आकडा कायम लिहा.

बंद पडल्याचं कळण्यासाठी बरेच जण अपटाइम कुमा (सेवा चालू आहेत का ते बघत राहणारा प्रोग्रॅम) त्याच मशीनवर टाकतात. मशीनच बंद पडलं तर तोही गप्प बसतो, म्हणून पहारेकरी घराबाहेर हवा. पाय-होलही वेगळ्या लहान मशीनवर न्या, नाहीतर लॅपटॉप रीस्टार्ट केला की घरभर "इंटरनेट गेलं" अशी ओरड होणार.

आईच्या फोनवर टेलस्केल कायम चालू राहील असं फोनच्या सेटिंगमध्येच करून ठेवा, मग सांगावं लागत नाही. व्हॉल्टवॉर्डनचं वेब पान एचटीटीपीएसशिवाय (सुरक्षित जोडणीशिवाय) चालत नाही. त्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट डीएनएस चॅलेंजने (डोमेन आपलंच आहे हे त्याच्या नोंदीतून दाखवून) घ्या, पोर्ट न उघडता मिळतं. मास्टर पासवर्ड आणि रेस्टिकची किल्ली (बॅकअपचा पासवर्ड) कागदावर लिहून बहिणीकडे द्या, पण डिस्कपासून वेगळ्या जागी. रेस्टिकची किल्ली हरवली तर बॅकअप कुणालाच उघडता येणार नाही. आणि लॅपटॉपची बॅटरी कधीतरी हात लावून बघा. कायम चार्जिंगला असलेल्या बॅटऱ्या फुगू शकतात.

धागाकर्ता, रविवारी रात्री:

मनापासून आभार. आज दिवसभर बॅकअपमधून इमिच उभं करून बघितलं, जुन्या डेस्कटॉपवर. फोटो सगळे आले. अल्बम एकही नाही, चेहऱ्यांना दिलेली नावंही नाहीत. ते सगळं डेटाबेसमध्ये असतं आणि मी फक्त मूळ फोटोंचा फोल्डर उचलत होतो. इमिच रोज रात्री स्वतःच डेटाबेसचा डंप काढून शेजारच्याच बॅकअप फोल्डरमध्ये ठेवतं, तो माझ्या यादीत नव्हता. इमिचच्या सेटिंगची 'डॉट ईएनव्ही' फाइलही नव्हती. आजोबांच्या जुन्या फोटोंना आईने एकेक करून नावं दिली होती, तीच गेली असती.

यादी दुरुस्त केली आहे. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून उभारून बघणार, आणि या वेळी बायकोला शेजारी बसवून, तिच्या हातून. व्हॉल्टवॉर्डन त्यानंतर. टेलस्केल कायम चालू ठेवल्याने आईच्या फोनची बॅटरी किती खाल्ली जाते, हे वापरणाऱ्या कुणी सांगू शकेल का?