दुसरी मोटार घ्यावी, की आहे त्याच मोटारीची कामे वाटून द्यावीत?

प्रश्न (नेरूळ)

मी रोज मोटारीने ऐरोलीच्या कार्यालयात जातो. मुलाची शिकवणी, भाजी, आईला डॉक्टरांकडे नेणे या सगळ्यासाठी घरी गाडी हवी असते, म्हणून दुसरी घेण्याचा विचार चालू आहे. पत्नीचे मत असे की, आधी पहिलीची कामे कमी करावीत. शिकवणी जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. चालत, सायकलने किंवा लोकलने कोणती कामे होऊ शकतील आणि मोटार कशासाठी राखून ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर (घणसोली)

आपल्या पत्नींचे म्हणणे मला पटते. आपली मोटार घरी कमी पडते, याचे कारण ती दिवसभर ऐरोलीत उभी असते. म्हणून सुरुवात कार्यालयाच्या प्रवासापासून करावी. नेरूळहून ठाण्याकडे जाणारी थेट लोकल जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे करत ऐरोलीला पोहोचते आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरील कोंडीशी तिचा काही संबंध येत नाही. स्थानकापासून कार्यालय लांब असल्यास शेअर रिक्षा किंवा एनएमएमटीची बस पाहावी.

भाजी आणि शिकवणी या फेऱ्या तर मोटारीतून आधी काढाव्यात. इंजिन थंड असताना किलोमीटरमागे इंधन जास्त जळते आणि धुरातील घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापल्याशिवाय नीट काम करत नाही, त्यामुळे अंतर जितके कमी तितकी ती फेरी हवेला महाग पडते. एक किलोमीटर चालायला साधारण बारा मिनिटे लागतात. सिडकोने सेक्टरांची आखणी करताना बाजार आणि शाळा घरांजवळ ठेवल्या, ही सोय आपण वापरत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर (ठाणे, घोडबंदर रस्ता)

वरील सल्ला योग्य आहे, परंतु ठाणेकरांनी तो जसाच्या तसा घेऊ नये. आमच्याकडच्या वसाहतींना रेल्वे स्थानक जवळ नाही. तेथवर जाण्यासाठी टीएमटीची बस धरावी, तर तीही मोटारींच्याच कोंडीत अडकते. रस्ता वाहनांसाठी नसून माणसांच्या ने-आणीसाठी आहे, ही भूमिका राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने 2006 मध्येच घेतली. तरीही बसला स्वतंत्र मार्गिका नाही आणि पदपथ उभ्या दुचाकींनी अडलेले असतात. अशा ठिकाणी केवळ नागरिकांना मोटार सोडण्यास सांगणे मला अन्यायाचे वाटते. आपल्याला लोकल उपलब्ध आहे, तेव्हा तिचा लाभ अवश्य घ्यावा.

उत्तर (सीवूड्स)

सायकलबाबत थोडी सावधगिरी सुचवते. पाम बीच रस्त्यावर वाहने फार वेगात असतात, त्यामुळे मुलाला तेथे पाठवू नये. सेक्टरमधील आतले रस्ते निवडावेत. सायकलला पुढे-मागे दिवे हवेत आणि जोराच्या पावसात रिक्षाच बरी. आईंना बसच्या उंच पायऱ्या चढणे जड जात असेल, तर त्यांच्यासाठी मोटार वापरण्यात मुळीच संकोच नसावा. मोटार राखून ठेवायची ती अशाच कामांसाठी. शिकवणीचा रस्ता मात्र मुलाबरोबर आधी आपण स्वतः पाहून घ्यावा, तोही शिकवणीच्याच वेळी, कारण सकाळी मोकळा दिसणारा चौक संध्याकाळी ओलांडणे अवघड असते.