३०२ चे काका

सेक्रेटरी (ए-१०१), सकाळी ७:४२
कळवण्यास अत्यंत दुःख होते की बी-३०२ मधील काकांचे काल रात्री झोपेतच निधन झाले. वय ८४. अंत्ययात्रा सकाळी ११ वाजता निघेल. बी विंगच्या गेटसमोर कोणीही गाडी लावू नये, ही विनंती.

सी-४०४
ॐ शांती 🙏

ए-३०३ काकू
अरे देवा. परवाच खाली भेटले होते. जिन्यातला दिवा दिवसाढवळ्या चालू ठेवला म्हणून मला बोलले.

बी-१०४
भावपूर्ण श्रद्धांजली 🙏

सी-२०२
देवगड हापूस, ५ डझनाची पेटी, थेट बागेतून, घरपोच. आजच नोंदवा.

सेक्रेटरी (ए-१०१)
सी-२०२, जरा भान ठेवा.

सी-२०२
माफ करा. आधीच टाइप करून ठेवला होता, वर न बघता पाठवला गेला. भावपूर्ण श्रद्धांजली.

ए-६०२
श्रद्धांजली. मतभेद होते, पण माणूस सरळ होता.

सी-३०१ ताई
मतभेद कोणाचे नव्हते त्यांच्याशी 🙂 माझ्या मुलाची सायकल जिन्याखालून तीनदा बाहेर काढली त्यांनी. वाईट वाटतंय, पण खरं तेच लिहिते.

बी-५०३, रात्री ८:१५
सकाळपासून लिहू की नको असं चाललं होतं. वैकुंठ स्मशानभूमीतून घरी आल्यावर आईच म्हणाली, लिही, इथं कुणालाच माहीत नाही ते कोण होते.

काका आमच्या कुर्डुवाडीच्या थेटरचे मॅनेजर होते. जवळजवळ तीस वर्षं. आम्ही पोरं त्यांना मॅनेजरसाहेब म्हणायचो, बायका नुसतं साहेब. मी इथं राहायला आलो त्या आठवड्यात लिफ्टमध्ये भेटले. मी ओळखलं, त्यांनी नाही. गाव सांगितलं, वडलांचं नाव सांगितलं, तर म्हणाले, "वर्कशॉपमधले फिटर. बाल्कनी कधी नाही, कायम स्टॉल, डावीकडून तिसरी खुर्ची." वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

ए-३०३ काकू
अगंबाई! आम्हाला वाटायचं सरकारी ऑफिसात असावेत. ते रजिस्टर घेऊन फिरायचे ना.

खजिनदार (सी-५०५)
मला तर वाटायचं ऑडिटर. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या वर्गणीचा हिशोब ग्रुपवर टाकला, तर पावतीपुस्तकाचा पहिला नंबर आणि शेवटचा नंबर विचारला मला. जमा किती ते नाही, नंबर. जाम चिडलो होतो.

बी-५०३
खजिनदारसाहेब, ती थेटरची सवय. तिकिटांच्या गठ्ठ्याचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, त्यावरून किती फाटली, त्यात करमणूक कर किती, वितरकाचा वाटा किती. प्रत्येक खेळाचं वेगळं आणि वर्गवारीनं. त्याला डीसीआर, म्हणजे डेली कलेक्शन रिपोर्ट, म्हणायचे. रोज रात्री शेवटचा खेळ सुरू झाला की ऑफिसात बसून ते लिहीत. कर खात्याचा माणूस कधीही येऊन अंधारात डोकी मोजायचा. डोकी आणि नंबर जुळले नाहीत तर मॅनेजरची मान अडकली.

खजिनदार (सी-५०५)
हे तेव्हा सांगितलं असतं तर चहा पाजला असता त्यांना.

ए-७०४
पण त्या काळी प्रिंट यायची कशी? मुंबईहून?

बी-५०३
रेल्वेनं. कुर्डुवाडी रेल्वेचंच गाव. मोठ्या लाइनवर मुंबई-सोलापूरच्या गाड्या, आणि बार्शी लाइटची अडीच फुटी रुळावरची छोटी गाडी, एकीकडे पंढरपूर-मिरजेला जाणारी, दुसरीकडे बार्शी-लातूरला. सिनेमाचा सौदा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये व्हायचा, वितरकांची ऑफिसं तिथं. पेट्या यायच्या पत्र्याच्या, कड्या लावलेल्या. शुक्रवारी साहेब स्वतः फलाटावर उभे. हमालानं पेटी आपटली की पहिली शिवी तिथंच.

गाडी लेट झाली की तीनचा खेळ लटकला. मग साहेब पडद्यासमोरच्या कट्ट्यावर चढत. माइक नाही, काही नाही. "पेटी दौंडात आहे. थांबणाऱ्यांनी थांबा, ज्यांना पैसे परत पाहिजेत त्यांनी खिडकीवर जा, तिकीट फाडू नका." अर्धं थेटर थांबायचं. खोटं बोलून बसवून ठेवलंय असं कधी झालं नाही, म्हणून थांबायचं.

ए-७०४
३५ एमएमची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट. २००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं. म्हणून दोन प्रोजेक्टर लागतात. एक संपत आला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो, तो बघून ऑपरेटर दुसरं मशीन सोडतो.

सी-३०१ ताई
तो ठिपका मी पाहिलाय! मला वाटायचं फिल्म खराब आहे.

बी-५०३
बरोबर. आणि उजेड बल्बचा नव्हे, कार्बनच्या कांड्यांचा. दोन कांड्यांच्या टोकांत ठिणगी धरायची, कांड्या जळत जातील तशा पुढं सरकवायच्या. ऑपरेटरचा डोळा लागला की पडदा पिवळा पडत जायचा आणि खालून ओरडा, "ए कांडीऽऽ!" साहेब तेवढ्यात जिना चढून वर. साठीकडं झुकले होते तरी दोन-दोन पायऱ्या.

ए-३०३ काकू
इथंही लिफ्ट सोडून जिन्यानंच जायचे.

बी-५०३
आईला आता आठवतंय ते टाइप करतो, ती शेजारी बसून सांगतेय. १९७५ चा 'जय संतोषी माँ' आमच्याकडं आला तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत जायच्या, पडद्यावर देवी आली की पैसे उधळायच्या. दुसऱ्या दिवशी तीस-चाळीस जणींच्या चपला गेल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी दारात गोणपाट अंथरलं, खडूनं नंबर लिहिलेले पुठ्ठे केले आणि एक पोरगा बसवला. आईचा नंबर १७. आणि नाणी? रोज खेळ संपल्यावर झाडूवाल्या मावशींनी गोळा करायची आणि साहेबांनी रजिस्टरात लिहून देवळात द्यायची. तेही लिहून.

सी-२०२
म्हणजे चपलांशी वैर तेव्हापासूनचं 😄

ए-६०२
सगळं छान आहे. पण शू-रॅकवरून जानेवारीत माझ्याशी जे झालं ते इथं सगळ्यांनी वाचलंय. मजल्यावरच्या सामाईक जागेत एक छोटा रॅक. पंधरा दिवस रोज सकाळी फोटो. शेवटी मीच विचारलं, "काका, तुम्ही फायर ब्रिगेडला होतात का?" उत्तर आलं, "नाही." एवढंच. माणूस गेला म्हणून त्रास झाला नव्हता असं मी म्हणणार नाही.

सेक्रेटरी (ए-१०१)
आज हा विषय नको.

बी-५०३
नाही, असू दे. ते गोड होते असं मीही म्हणत नाही. माझ्या चुलतभावानं ब्लेडनं खुर्चीचं रेक्झिन फाडलं, तर सगळ्यांसमोर कानाखाली दिली. दुसऱ्या दिवशी त्यालाच बोलावून दाभण-सुतळी हातात दिली आणि पुढं बसून शिवून घेतलं. घरी येऊन सांगायची सोय नव्हती, घरात आणखी बसली असती.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते राहिलंच. माझ्या जन्माची बातमी वडलांना थेटरात कळली. सहाचा खेळ होता. आई अडली, सुईण म्हणाली नवऱ्याला बोलवा. शेजारचा पोरगा थेटरवर पळाला. अंधारात हाका मारायच्या नाहीत, हा साहेबांचा नियम. ते काचेचा तुकडा घ्यायचे, कंदिलावर काजळी धरायची, टाचणीनं त्यावर लिहायचं आणि वर मशीनवाल्याकडं द्यायचं. चालू सिनेमावर बाजूला पांढरी अक्षरं उमटली: अमुक फिटर, घरी जा, लवकर. सगळं थेटर वळून वडलांकडं बघायला लागलं. बाहेर साहेब स्वतःची सायकल घेऊन उभे.

रात्री अकराला वडील सायकल परत द्यायला गेले, पेढे नव्हते म्हणून गूळ घेऊन. साहेबांनी त्यांच्याच अर्ध्या तिकिटामागं लिहून दिलं, "मध्यंतरापासून पुढे, उद्या." खाली सही. वडलांनी सिनेमाचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या दिवशी पाहिला. ते तिकीट आईच्या पोथीत आहे. आज दाखवत होती. शाई पार उडालीये, सही तेवढी दिसते.

ए-३०३ काकू
आईंना माझा नमस्कार सांग रे. उद्या येते वर.

सी-४०४
🙏🙏

बी-१०४
आषाढीला पंढरपूरला जाताना आम्ही कुर्डुवाडीला छोटी गाडी बदलायचो. एकदा रात्री फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, पाऊस लागला होता, तर कुणीतरी म्हणालं थेटरात जा. खरंच उघडं होतं. पंखे चालू. खुर्च्यांवर, खुर्च्यांच्या मध्ये, सगळीकडं वारकरी झोपलेले. एक माणूस बॅटरी खाली धरून फिरत होता, झोपलेल्यांच्या तोंडावर उजेड पडू नये म्हणून. पहाटे त्यानंच गाडीला उठवलं. ते हेच काय?

बी-५०३
हेच. आषाढीच्या चार रात्री. मालकांना पंख्यांचं बिल खटकायचं.

बी-३०२, रात्री १०:३४
सगळ्यांना नमस्कार. वडलांचा फोन माझ्याकडे आहे, त्यावरूनच लिहितोय. ग्रुपवरचं सगळं वाचलं. धन्यवाद.

ए-६०२ सर, तुमच्यासाठी थोडं लिहितो. वाद घालायचा म्हणून नाही.

१३ जून १९९७ ला दिल्लीत उपहार थेटरला आग लागली. ५९ माणसं गेली, बाल्कनीतली, धुरानं गुदमरून. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्या होत्या, त्यात बाहेर पडायची एक वाट बंद झाली होती. बाबांनी बातमी वाचली, पेपरची घडी करून खिशात घातली आणि जेवण न करता थेटरवर गेले. मी तेव्हा सुट्टीला घरी होतो, डबा घेऊन मागं गेलो.

आमच्याकडंही गर्दीच्या सिनेमाला मधल्या वाटेत बाकडी टाकायचे. मालक सांगायचे आणि बाबा टाकायचे. हे मी मुद्दाम लिहितोय. बाबा स्वतः टाकायचे, पंचवीस वर्षं. त्या दिवशी त्यांनी नि झाडूवाल्या मावशींनी मिळून सगळी बाकडी मागच्या अंगणात ओढून नेली. मग दारं उघडून बघत बसले. बाल्कनीच्या मागच्या दाराची कडी गंजून बसली होती, हातोड्यानं ठोकून काढावी लागली. ती कडी निघाल्यावर पायरीवर बसून राहिले. मी डबा उघडला, तर म्हणाले, "ही कडी मी कधी बघितलीच नाही."

मालकांशी वाजलं. महिनाभर बोलणं बंद होतं. बाबा म्हणाले, बाकडी आत आली तर किल्ल्या तुमच्याकडं. बाकडी पावसात भिजून सडली, पण आत आली नाहीत. घरात ते यावर कधी बोलले नाहीत. फक्त कुठल्याही लग्नात गेलो की आधी हॉलची दारं ढकलून बघायचे. आईला लाज वाटायची.

सी-३०१ ताई
काय लिहावं कळत नाही.

ए-६०२, रात्री ११:०२
मी फायर ब्रिगेडचं विचारलं होतं तेव्हा हे सांगितलं असतं तर.

बी-३०२
ते नसते बोलले सर. "नाही" हे उत्तर टाइप करायलाच त्यांना पंधरा मिनिटं लागली होती. मी शेजारी होतो. आधी बरंच काही लिहिलं आणि पुसलं.

सेक्रेटरी (ए-१०१), सकाळी ९:१०
रविवारी सायंकाळी ६ वाजता क्लब हाऊसमध्ये शोकसभा ठेवत आहोत. कुर्डुवाडीहूनही काही मंडळी येणार असे कळते. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी सी विंगची मागची बाजू मोकळी ठेवावी. खुर्च्या किती सांगायच्या? मंडपवाला विचारतोय.

बी-१०४
शंभर सांगा. गर्दी होईल.

खजिनदार (सी-५०५)
शंभर मावत नाहीत. गणपतीला ९६ लावल्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

बी-३०२
बाबांच्या रजिस्टरात क्लब हाऊसचं एक पान आहे. गेल्या गणपतीला मोजून लिहिलंय. "९६ लावल्या. मधली वाट आणि मागचं दार सोडून ७२."

सेक्रेटरी (ए-१०१)
मग ७२ सांगतो.

ए-६०२
७२ सांगा. बाकीचे उभे राहू. आणि मागच्या दाराला कुलूप असतं, किल्ली कोणाकडे आहे?